माडीवरचं गरम पाणी: देवपूरच्या एका घराचं प्रकरण

धुळ्यात देवपूर भागातलं हे दोन मजली घर. खाली नाना आणि काकू, माडीवर मुलगा, सून आणि दोन नातवंडं. गच्चीवर विटांच्या ठोकळ्यांवर दोन काळ्या टाक्या. हजार लिटरची मोठी टाकी बोअरच्या पाण्याची, पाचशेची लहान टाकी नळाच्या पाण्याची. नळ रोज येत नाही, म्हणून नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला राखायचं आणि आंघोळ, धुणंभांडी, संडास सगळं बोअरवर चालवायचं. ही मांडणी आमच्याकडे गल्लोगल्ली दिसते. या प्रकरणाचं मूळही तिच्यातच होतं.

मी नळजोडणीची आणि गिझरची कामं करतो. मला बोलावलं ते डिसेंबरात, थंडी कडक पडल्यावर. धुळ्याचा पारा त्या दिवसांत एक आकडी होतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी हात बधिर करतं. तक्रार एका वाक्याची होती: माडीवर गरम पाण्याला प्रेशर नाही, आहे त्यापेक्षा मोठा पंप बसवून द्या.

आधी पंप बसलेला होता हे त्या वाक्यातून कळलं, म्हणून पान्याला हात लावण्याआधी मागचा सगळा क्रम विचारून घेतला. कुठलं काम कशानंतर झालं हे कळलं नाही तर अशा घरात निदान चुकतं.

गिझर पंचवीस लिटरचा, दोन किलोवॉटचा, माडीच्या न्हाणीत उभा टांगलेला, सात-आठ वर्षांचा. आतून तो एकदाही उघडलेला नव्हता. आदल्या वर्षीच्या थंडीत गरम पाण्याची धार बारीक झाली. कारागिराने टाकीच्या आउटलेटवर प्रेशर पंप बसवला. गरम पाणी उलटं टाकीकडे जाऊ नये म्हणून त्याने गिझरच्या थंड पाण्याच्या लाइनवर पितळी एनआरव्हीही, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, टाकला. धार वाढली, घर खूश झालं. लगेचच गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून, म्हणजे जादा दाब बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून, पाणी टपकायला लागलं. त्याखाली डबा ठेवला, डबा रोज भरायचा. व्हॉल्व्ह खराब झाला असं समजून त्याच्या बारीक तोंडाला कुणीतरी आटे असलेला प्लग पिळून टाकला. टपकणं थांबलं. दिवाळीच्या सुमारास गिझर एकदम बंद पडला, तेव्हा इलेक्ट्रिशियनने खालचं झाकण उघडून कटआऊटचं, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणाऱ्या स्विचचं, बटण दाबलं आणि तो परत सुरू झाला. आता धार पुन्हा बारीक.

प्लगचं मी विचारलं तेव्हा काकूंनी सरळ सांगितलं, "भाऊ, ते रोज टपकत व्हतं, म्हनीसन बंद करी टाकं." त्यांचा यात काही दोष नाही. टपकणारी वस्तू बंद करायची हे घर सांभाळणाऱ्या कुणालाही योग्यच वाटणार. ते टपकणं कशासाठी आहे, हे बसवणाऱ्याने सांगायला हवं होतं.

मी आधी गिझरचा एमसीबी पाडला आणि तो सकाळपर्यंत लावायचा नाही असं सुनेला सांगितलं. मग गरम पाण्याचा कॉक उघडून आतला दाब मोकळा केला. हे केल्याशिवाय प्लगला पाना लावायचा नाही.

मग धारेचा तपास. याला पंधरा लिटरची बादली आणि हातातलं घड्याळ पुरतं. पंप बंद ठेवला, नुसता टाकीचा उतार. मिक्सरमधून, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळातून, थंड पाण्याने बादली दोन मिनिटांच्या आत भरली. त्याच मिक्सरमधून गरम बाजूने सहा मिनिटांच्या वर लागली. अर्ध्याहून अधिक निदान इथेच झालं. टाकी तीच, वरून येणारी लाइन तीच, मिक्सरही तोच. थंड पाणी जोरात आणि गरम बारीक, म्हणजे अडथळा फक्त गरम पाण्याच्या वाटेवर. दोन्ही धारा बारीक असत्या तर टाकीची उंची, आउटलेट, वरचा पाइप हे बघावं लागलं असतं. एकच बाजू मंद असताना टाकीवर पंप बसवणं म्हणजे गरज नसलेल्या ठिकाणी दाब वाढवणं.

ती वाट मग तुकड्या-तुकड्याने तपासली. गिझरला थंड पाणी देणारा कनेक्शन पाइप एनआरव्हीच्या आधी सोडून बादलीत धरला: धार भरपूर. एनआरव्हीनंतर धरला: धार कमी, पण ठीक. गिझरच्या आउटलेटचा पाइप मिक्सरपासून सोडून धरला: अगदी बारीक धार. म्हणजे मुख्य अडथळा गिझरच्या पोटात. मिक्सरच्या गरम बाजूच्या जाळीत पांढरे खडे अडकलेले निघाले, पण तो पुढचा, लहान अडथळा. पंपाचा जोर बसल्यावर टाकीतले सुटे पापुद्रे वाहत येऊन तिथे बसले असणार.

उंचीचा हिशेब इथे सांगायला हवा, कारण 'प्रेशर' हा शब्द घराघरात वापरला जातो पण त्याचं मोजमाप कुणी करत नाही. दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक बार दाब देतं. एक मीटर म्हणजे एक दशांश बार. या घरात माडीच्या शॉवरपासून टाकीच्या तळापर्यंत दीड मीटर आणि टाकी भरलेली असली तर वर आणखी मीटरभर. म्हणजे माडीच्या न्हाणीत सगळा मिळून अडीच दशांश बार, टाकी रिकामी होत आली की दीड दशांश. खालच्या न्हाणीला यात एका मजल्याची उंची वाढते, म्हणून तिथे दाब दुपटीच्या वर जातो. नाना म्हणत होते की खाली ठीक आहे, वरच त्रास आहे. ते या हिशेबात नेमकं बसतं.

इतक्या कमी दाबावर लहानसा अडथळाही महाग पडतो. स्प्रिंगचा एनआरव्ही उघडायलाच थोडा दाब खातो. पंपाच्या लाइनवर तो जाणवत नाही, माडीवरच्या उताराच्या पाण्यात मात्र तो हिस्सा मोठा असतो. पाण्याच्या उंचीच्या जोरावर नळातून पाणी न्यायचं काम धुळ्याच्या मातीला नवं नाही. 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण विश्वेश्वरय्यांच्या पहिल्या कामांत खानदेशातला पांझरा नदीच्या पाटाचा नळाचा सायफन होता. एका बाजूने नळात शिरलेलं पाणी खाली उतरून पलीकडे पुन्हा वर येतं ते केवळ दोन टोकांच्या पातळीतल्या फरकावर, आणि तो फरक वाटेतल्या घर्षणात संपू द्यायचा नाही हेच त्यातलं कसब. घरातल्या अर्ध्या इंची पाइपलाही तोच नियम लागू.

आता त्या प्लगकडे येतो. मला या प्रकरणात सर्वांत जास्त काळजी त्याची वाटली.

पाणी तापलं की फुगतं. पंधरा अंशांचं पाणी साठ अंशांवर नेलं तर आकारमान दीड टक्क्याच्या थोडं वर वाढतं. पंचवीस लिटरला हे साधारण चारशे मिलिलिटर, म्हणजे दोन पेले पाणी. एनआरव्ही नव्हता तोपर्यंत हे वाढलेलं पाणी थंड पाण्याच्या पाइपने मागे सरकून गच्चीवरच्या टाकीकडे जायचं. कुणाला दिसायचं नाही, कुणाला त्रास नव्हता. एनआरव्ही बसला आणि मागची वाट बंद झाली. पुढचा कॉक बंदच असतो. पोलादी टाकी ताणली जात नाही, पाणी दाबलं जात नाही. मग दाब चढत जातो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या मर्यादेला उघडून ते पाणी थेंबाथेंबाने बाहेर सोडतो. आपल्याकडच्या साठवणीच्या बहुतेक गिझरच्या पाटीवर 8 बार दाब लिहिलेला असतो, व्हॉल्व्हही त्याच्या जवळपास उघडतो. थोडक्यात, टपकणारा व्हॉल्व्ह चांगला होता. नवं काही घडलं असेल तर ते लाइनवर.

प्लग लागल्यावर ती शेवटची वाटही गेली. रोज दोनदा-तीनदा तापताना टाकीच्या सांध्यांवर, कनेक्शन पाइपवर ताण येत राहिला. सकाळी कुणी कॉक उघडला की पहिला झटका जोरात यायचा आणि मग धार बारीक व्हायची. सुनेने हे लक्षात ठेवलं होतं: "पहिलं पाणी फाटकन येतं, आणि मग काहीच नाही." तो झटका कोंडलेल्या दाबाचा होता. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. गिझरच्या मागे एनआरव्ही असलेल्या घरात ही खूण कुणी सांगितली की मी आधी सेफ्टी व्हॉल्व्ह बघतो.

याहून वाईट शक्यता थर्मोस्टॅट चिकटण्याची. साठवणीच्या गिझरला तीन राखणदार असतात. थर्मोस्टॅट पाणी ठरलेल्या तापमानाला आलं की वीज तोडतो. तो फसला तर कटआऊट तोडतो. तोही फसला तर सेफ्टी व्हॉल्व्ह दाब बाहेर काढतो. इथे तिसऱ्याचं तोंड बंद होतं आणि दुसऱ्याला दिवाळीत एकदा कामाला यावं लागलं होतं, म्हणजे पहिला तेव्हाच गडबडलेला होता. कटआऊट का पडला हे न शोधता बटण दाबून गिझर सुरू करून देणं मला मान्य नाही.

8 बार दाबाखाली पाणी शंभराला उकळत नाही, 175 अंशांच्या आसपासपर्यंत द्रवच राहतं. अशा स्थितीत टाकी फाटली तर पाण्याचा सातवा हिस्सा एका क्षणात वाफ होतो. पंचवीस लिटरच्या टाकीतून तीनेक किलो वाफ, आणि तिचा विस्तार पाच घनमीटर. माडीवरची ती न्हाणी मोजली तर सगळी मिळून आठ घनमीटर भरत होती, आणि त्याच न्हाणीत सकाळी शाळेआधी दोन लेकरं एकामागोमाग आंघोळीला जात होती. नानांना मी हे आकडे मांडूनच सांगितले. ते शिक्षक होते, त्यांनी स्वतः कागदावर गुणाकार केला, आणि त्यानंतर पंपाचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिझर उतरवला. पूर्ण थंड झाल्यावर इनलेटकडून रिकामा करायला घेतला, आउटलेट हवेसाठी मोकळं ठेवलं. पाच-सहा मिनिटांत रिकामं व्हावं ते पाणी चहा पिऊन झाला तरी टपकतच होतं. या जातीच्या गिझरमध्ये दोन्ही नळ्या खालूनच आत जातात. आउटलेटची नळी वर टाकीच्या डोक्यापर्यंत जाते, कारण गरम पाणी वर साठतं. इनलेटचं तोंड तळाशीच उघडतं. क्षार साचतो तोही तळाशी. झाकण खोललं तेव्हा पाणी तापवणारी कॉइल दिसतच नव्हती, तिच्यावर चुन्याच्या भिंतीसारखा पांढरट-पिवळा थर होता आणि इनलेटचं तोंड पापुद्र्यांच्या ढिगात गाडलेलं. लाकडी पट्टीने ओढून काढलेला माल घमेल्यात ओतला तर अर्धं घमेलं भरलं. मॅग्नेशियमचा रॉड संपून नुसती मधली तार उरली होती. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजण्यासाठीच दिलेला असतो. तो संपला की गंज टाकीच्या पत्र्याला लागतो. इथे आतलं काचेचं अस्तर अजून शाबूत होतं, एका शिवणीजवळ तांबूस डाग तेवढा पडलेला.

कॉइलवरच्या थरामुळे वीजबिल दुप्पट होतं असं अनेकदा ऐकायला मिळतं. ते तसं नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता दुसरीकडे जाणार कुठे? खरं नुकसान वेगळं आहे. थराखाली कॉइल स्वतः खूप तापते आणि जळते. थर्मोस्टॅटच्या नळीवर थर बसला की त्याला पाण्याचं तापमान उशिरा कळतं, आणि तोवर आजूबाजूचं पाणी कटआऊटच्या मर्यादेपर्यंत जातं. दिवाळीत बहुधा हेच घडलं होतं. गिझरमधून खदखद आवाज येत होता का, असं विचारल्यावर मुलगा म्हणाला, गेल्या उन्हाळ्यापासून येतोय. थरात अडकलेलं पाणी कॉइलजवळ उकळतं, त्याचा तो आवाज.

एवढा क्षार आला कुठून? बोअरमधून. आपला खानदेश बेसॉल्टच्या खडकावर आहे, धुळे जिल्ह्यात तर त्या खडकाला छेदत गेलेल्या काळ्या पाषाणभिंती मैलोन् मैल दिसतात. या खडकातून मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळवून आणतं. तापलं की बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, खाली बसतो. साठ अंशांच्या पुढे हे फार झपाट्याने होतं. या गिझरचा काटा शेवटच्या टोकाला, पंचाहत्तरवर होता.

थेंबांच्या तपासणी किटने दोन्ही टाक्यांचं पाणी पाहिलं. बोअरच्या पाण्याची कठीणता लिटरला साडेपाचशे मिलिग्रॅमच्या आसपास, नळाच्या पाण्याची दोनशेच्या आत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 200 ही अपेक्षित मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. काकूंना किटची गरज नव्हती. "बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, म्हणून तर नळाचं वेगळं ठेवतो," असं त्या म्हणाल्या. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पाणी रोज तापवायला दिलं, तर त्याचा माल कुठेतरी जमणारच.

आता काय केलं ते. कॉइल आणि थर्मोस्टॅटची नळी किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवली. सकाळी थर पापुद्र्यांनी सुटला. दुकानदार फरशी धुण्याचं ॲसिड देतात, ते मी वापरत नाही. ते खडूइतक्याच आनंदाने तांब्याला, पत्र्याला आणि शिवणींना लागतं. थर्मोस्टॅट नवा घातला. मॅग्नेशियमचा रॉड नवा, झाकणाचं रबरी वॉशर नवं. सेफ्टी व्हॉल्व्हही नवाच. प्लग लावून दाबलेला जुना व्हॉल्व्ह पुन्हा भरवशाचा नसतो.

मग मांडणी बदलली. गिझरची थंड पाण्याची लाइन बोअरच्या टाकीवरून काढून नळाच्या टाकीवर घेतली. यावर घरात चर्चा झाली, कारण नळाचं पाणी मोजकं. माडीवर चौघांच्या आंघोळीला गरम पाणी रोज ऐंशी-नव्वद लिटरच्या वर जात नाही, थंड मिसळायचं पाणी बोअरचं चालतं. नळाची टाकी पाचशेची. दोन दिवस नळ आला नाही तरी पिण्यापुरतं उरतं. उन्हाळ्यात पाणी लांबलं तर लाइन परत बोअरवर फिरवता यावी म्हणून दोन कॉक दिले. मात्र दोन्ही कॉक एकाच वेळी उघडे ठेवायचे नाहीत, नाहीतर बोअरचं पाणी पिण्याच्या टाकीत जाईल. कॉकला लाल आणि निळा रंग दिला आणि सुनेला दोनदा करून दाखवलं.

लाइन एक इंची सीपीव्हीसीची, गिझरपाशी पोहोचेपर्यंत तेवढीच ठेवली, वळणं कमी केली. दोन्ही टाक्या ठोकळ्यांवर आणखी दोन फूट उचलल्या. दोन फुटांनी सहा शतांश बार वाढतो. ऐकायला थोडं, पण जिथे मुळात दीड दशांश आहे तिथे तो तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे. तेवढा तरी कायमचा, विजेशिवाय मिळतो. आधीच्या ठोकळ्यांवर उंची वाढवायची तर पाया बघूनच. भरलेली हजारची टाकी टनभर वजनाची असते. इथे ठोकळे थेट भिंतीच्या वर होते म्हणून केलं.

पितळी एनआरव्ही काढून टाकला. पंप नसताना त्याचं काम नव्हतं. पंप उतरवून नानांच्या ताब्यात दिला. पंप वाईट असतो असं नाही. या पंपाने फार तर दोन बार दाब येत होता, गिझरच्या आठपेक्षा खूप कमी. पुढेमागे शॉवरसाठी लावायचाच असेल तर एनआरव्हीही येईल, आणि मग सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड मोकळं असणं सक्तीचं. म्हणून व्हॉल्व्हच्या तोंडाला आत्ताच पारदर्शक नळी जोडून ती मोरीच्या जाळीवर सोडली. टपकलं तर दिसेल, डबा ठेवावा लागणार नाही.

काटा पंचावन्न आणि साठच्या मध्ये ठेवला. साठ अंशांपर्यंत पंचवीस लिटर तापायला थंडीत चाळीस मिनिटं लागतात, म्हणजे सव्वा युनिटच्या थोडी वर वीज. फार खालीही ठेवायचा नाही; कोमट पाणी दिवसेंदिवस टाकीत राहिलं तर त्यात जंतू वाढतात.

बादली पुन्हा लावली. गरम बाजूने अडीच मिनिटांच्या आत भरली, पंपाशिवाय. थंड बाजूपेक्षा थोडी मंद, आणि ती तशीच राहणार, कारण गिझरच्या आतली वळणं जात नाहीत.

उन्हाळा संपताना फोन करून झाकण उघडून बघितलं. तळाशी मूठभर क्षार होता, रॉड बोटाएवढा जाड शिल्लक होता. मधले दोन महिने नळ लांबल्यामुळे लाइन बोअरवर फिरवली होती, हे सुनेने आधीच सांगितलं. पुढची साफसफाई दिवाळीआधी ठरवली आहे. खालच्या न्हाणीतला नानांचा गिझरही त्याच वयाचा आणि बोअरवरच आहे. त्याच्या व्हॉल्व्हचं तोंड मोकळं आहे ते पाहून घेतलं, आत काय साठलंय ते त्याच वेळी उघडून बघायचं आहे.